‘करंट येतोय’ म्हणून बदललेले पंप: जुन्या व्हॅनच्या फ्यूल लाइनमधल्या एका दोषाचा तपास

गाडी वीस वर्षांच्या आसपासची पेट्रोल व्हॅन. मल्टिपॉइंट इंजेक्शन, फ्यूल पंप टाकीच्या आत, टाकी फरशीखाली मागच्या बाजूला. तक्रार अशी की सकाळी एका सेल्फला चालू होते, अर्धा-पाऊण तास छान धावते, मग चढावर पिकअप जातो, दोन-चार झटके बसतात आणि गाडी बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण धरत नाही. थोडा वेळ थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी पुन्हा चालू. रात्री हा प्रकार लवकर होतो, दिवसा उशिरा.

मालकांचं म्हणणं वेगळंच होतं. “पेट्रोलचा काटा खाली येतो आणि बंद पडते. थोडं पेट्रोल टाकलं की लगेच चालू होते हो.” म्हणून ते गाडीत नेहमी पेट्रोलचा कॅन ठेवायचे. (बंद व्हॅनमध्ये असा कॅन घेऊन फिरणं अत्यंत धोक्याचं. पहिल्याच दिवशी तो काढायला लावला.) टाकीत पेट्रोल असूनही ते पंपाला मिळत नाही, एवढा एकच निष्कर्ष त्यांनी धरून ठेवला होता.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा पंप दोनदा बदललेला होता, फिल्टर नवा, रिले (पंपाला वीज देणारा विद्युत स्विच) नवा, प्लग नवे, इग्निशन कॉइलसुद्धा नवी. पंप बदलायचं कारण विचारलं तर आधीच्या गॅरेजात सांगितलेलं मालकांना पाठ होतं: टाकीवरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून मीटर लावलं, १२.४ व्होल्ट दाखवले, म्हणजे करंट पंपापर्यंत येतोय, म्हणजे पंपच खराब. या एका वाक्यावर जगभरात किती चांगले पंप भंगारात जात असतील! म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

त्या मोजणीत चूक कुठे होती, ते आधी पाहू. कपलर काढला की सर्किट तुटतं. वायरीतून करंट वाहतच नाही. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टवर तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर खेचतो. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली, टर्मिनलवर गंजाचा थर असला, तरी एवढा करंट सुखाने पलीकडे जातो आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तुंबलेल्या पाइपचं तोंड बोटाने बंद केलं तर आतला दाब पूर्ण लागतो, बोट काढलं की बारीक धार येते, तसं हे आहे. पंप ५ अँपिअर मागू लागला की मात्र ओहमचा नियम हिशोब मागतो. वाटेत कुठे ०.४ ओहमचा अडथळा असेल तर ५ अँपिअरला २ व्होल्ट तिथेच जिरतात. वर त्या जागी १० वॉट उष्णता तयार होते, आणि ती उष्णता जोड आणखी बिघडवते. तेव्हा तपासणी करायची ती पंप चालू असताना, कपलर जोडलेला ठेवून. बाकी सगळ्या मोजण्या मी दुय्यम मानतो.

तरी सुरुवात मी थेट पंपापासून केली नाही. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या इंजेक्शन गाडीत आणखी एक मोठा संशयित असतो, तो म्हणजे इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर. तो तापून सिग्नल सोडतो, ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटतं इंजिन थांबलं, आणि सुरक्षेसाठी ईसीएमच पंपाचा रिले बंद करतो. अशा वेळी पंप बंद दिसतो खरा, पण तो निर्दोष असतो. दोन्ही प्रकारांत फरक असा की सेन्सर गेला तर इंजिन स्विच बंद केल्यासारखं एकदम जातं, आणि गाडी गिअरमध्ये ढकलली जात असतानाही आरपीएमचा काटा शून्यावर आपटतो. इथे आधी पिकअप जात होता, मग झटके, मग बंद. म्हणजे काहीतरी हळूहळू कमी होत होतं. हे लक्षण इंधनाच्या दाबाकडे बोट दाखवतं.

बॅटरी आणि अल्टरनेटर पाहिले. बंद अवस्थेत १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.०, हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३.६. इथे तक्रारीला जागा नव्हती.

मग फ्यूल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) प्रेशर गेज लावला. या गाडीत दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनच्या हवेच्या वाटेची) व्हॅक्यूम नळी आहे. त्यामुळे आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न देता) सुमारे २.५ बार आणि नळी काढली की ३ बार दाब दिसायला हवा. इंजिन थंड असताना अगदी तसंच दिसलं. चांगलं तापू दिल्यावर आयडललाच १.९ बार. अ‍ॅक्सिलरेटर दिला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होऊन दाब वर जायला हवा, तो उलट खाली जात होता. प्लग-कॉइलच्या दोषाने रेलचा दाब असा पडत नाही, त्यामुळे इग्निशनचा विषय इथेच मिटला.

दाब कमी येण्याची कारणं पुष्कळ: फिल्टर तुंबणं, टाकीतली जाळी, रेग्युलेटर गळणं, पंप झिजणं, पंपाला कमी व्होल्टेज मिळणं. यातून वाट काढायला, वायर न तोडता करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर उत्तम. फिल्टर तुंबला असेल तर पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि करंट चढतो. इथे थंड असताना ५.४ अँपिअर आणि गरम झाल्यावर ४.८, म्हणजे दाबाबरोबर करंटही उतरत होता. त्यामुळे पंपाला व्होल्टेजच कमी मिळतंय का, हे आधी बघणं भाग होतं.

गरम इंजिन चालू ठेवून मोजमाप घेतलं. टाकीवरचा कपलर न काढता, मागच्या बाजूने बारीक पिन टर्मिनलला लावून, थेट पंपाच्या दोन टोकांमध्ये १०.६ व्होल्ट. त्याच क्षणी बॅटरीवर १४.०. वाटेत ३.४ व्होल्ट गायब.

हे ३.४ कुठे गेले ते शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त मीटरच्या दोन वायरी लांब हव्यात. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हवर: १.१ व्होल्ट. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पंपाच्या निगेटिव्हवर: २.३ व्होल्ट. १०.६ अधिक १.१ अधिक २.३ बरोबर १४.०. ही बेरीज जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर कुठलीतरी पिन नीट टेकलेली नाही, मोजणी पुन्हा करावी. चांगल्या स्थितीत अशा सर्किटमध्ये सप्लायच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि अर्थच्या, म्हणजे परतीच्या, बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत घट मी चालवून घेतो. इथे दोन्ही बाजू आजारी होत्या, आणि जास्त आजारी होती ती अर्थची बाजू, जिच्याकडे तोवर कोणी पाहिलंच नव्हतं. सप्लाय तपासायची सवय सगळ्यांना असते. अर्थ म्हणजे ‘बॉडीला तर जोडलंय’ असं म्हणून सोडून दिलं जातं. पण करंट जेवढा जातो तेवढाच परत यावा लागतो, आणि परतीच्या रस्त्यावरचा अडथळा पंपाला तितकाच उपाशी ठेवतो.

आता काट्याबद्दल, कारण या प्रकरणातला मला सर्वात आवडलेला दुवा तोच. मालक खोटं बोलत नव्हते, काटा खरंच पडत होता. या व्हॅनमध्ये पंप आणि टाकीतला, काट्याला पातळी कळवणारा फ्लोट यांची अर्थची वायर एकच आहे. एकाच काळ्या वायरीतून दोघांचा करंट परत जातो. त्या वायरीच्या टोकाला गंज असेल तर पंप चालू असताना अर्थचं टोक शून्यावर न राहता २ व्होल्टच्या वर चढतं. मग फ्लोटमधून करंट कमी वाहतो, पेट्रोलच्या मीटरला रोध वाढल्यासारखा वाटतो, आणि या मीटरमध्ये जास्त रोध म्हणजे टाकी रिकामी. हे पडताळायला रिले काढून ३० आणि ८७ या खाचांमध्ये फ्यूज असलेली वायर टाकली, म्हणजे इंजिन बंद असतानाही पंप चालू राहतो. (काही व्हॅनमध्ये रिलेचे क्रमांक वेगळे असतात. आधी डायग्राम पाहावा, अंदाजाने जोडू नये.) चावी ऑन केली, काटा हळूहळू पावच्याही खाली जाऊन थांबला. फ्यूज ओढला, पंपाचा आवाज थांबला, आणि काटा सावकाश चढत अर्ध्याजवळ आला. टाकी खरोखरच अर्धी होती. पुढे सहज ब्रेकचं पेडल दाबलं, तर काटा पुन्हा थोडा उतरला!

ब्रेकचा आणि पेट्रोलच्या काट्याचा काय संबंध? दोन्ही मागचे दिवे त्याच अर्थच्या बोल्टवर होते. दोन ब्रेक लाइट २१-२१ वॉटचे, म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. टेल लॅम्प आणि नंबर प्लेटचा दिवा मिळून आणखी अँपिअर-सव्वा अँपिअर. हा सगळा करंट गंजलेल्या त्याच बोल्टमधून परत जात होता आणि पंपाच्या वाट्याचं व्होल्टेज आणखी खात होता. रात्री गाडी लवकर का बंद पडते याचं उत्तर तिथेच मिळालं. पेट्रोल टाकल्यावर ती चालू का होते याचंही. कॅन काढून पेट्रोल ओतेपर्यंत दिवे आणि पंप बंद असायचे आणि तापलेले जोड निवायचे. पेट्रोलशी त्याचा काही संबंध नव्हता.

हे गॅरेजात पटलं तरी रस्त्यावर पाहिल्याशिवाय मी गाडी खोलत नाही. पंपाच्या कपलरपासून दोन बारीक वायरी, टोकालाच १ अँपिअरचा फ्यूज टाकून, केबिनपर्यंत आणल्या आणि मीटर डॅशबोर्डवर ठेवलं. शेजारी बसून आकडे वाचत होतो. निघताना १२ च्या आसपास. अर्ध्या तासाने १०.८. हेडलाइट लावले, १०.३. मालकांना ब्रेकला हलका पाय लावायला सांगितलं, आकडा साडेनवाच्या खाली जाऊन परत आला. चढ लागला, गाडीने ओढ धरली, आणि आकडा नवाच्या खाली सरकताच पहिला झटका बसला. मालकांनी एकदा आकड्याकडे आणि एकदा काट्याकडे पाहिलं, त्यानंतर पेट्रोलचा विषय निघाला नाही.

आता खोलायची वेळ. टाकीजवळ काम करताना काही गोष्टींत मी तडजोड करत नाही: मोकळी हवा, आधी रेलमधला दाब उतरवणं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढणं, जवळ पावडरचं अग्निशामक, आणि टाकीपाशी सोल्डरिंग आयर्न किंवा उघडा बल्ब अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते.

अर्थचा बोल्ट मागच्या चाकाच्या वर, आतल्या पत्र्यावर होता, चाकाने उडवलेला सगळा चिखल-पाणी झेलत. बाहेरून ठीकठाक. बोल्ट सुटल्यावर थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरी पावडर आणि पत्र्यावर तपकिरी पापुद्रा. कुठल्यातरी दुरुस्तीनंतर त्या जागेवर रंग मारून वरून थिंबल कसलं होतं, त्यामुळे करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता. एकट्या या जोडावर १.४ व्होल्ट जिरत होते. उरलेले ०.९ व्होल्ट टाकीवरच्या कपलरमध्ये, अर्थच्या पिनवर. ०.९ व्होल्ट आणि ४.८ अँपिअर म्हणजे चार वॉटहून अधिक उष्णता, तीही नखाएवढ्या पिनवर, प्लास्टिकच्या आत. कपलरचं ते घर तपकिरी पडून किंचित वितळलं होतं, आणि मादी टर्मिनलची पकड इतकी सैल की वायर धरून हलकं ओढलं तर ते जवळजवळ निघूनच येत होतं. दोनदा पंप बदलताना हा कपलर दोनदा हाताळला गेला होता. रंग पाहून तरी शंका यायला हवी होती.

सप्लायच्या बाजूचे १.१ व्होल्ट असे वाटले गेले होते: नव्या रिलेवर ०.१, मूळ वायरीत ०.२. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम रोध असतो, चार मीटरला एवढी घट येणारच, त्याला दोष म्हणत नाहीत. राहिलेले ०.८ व्होल्ट सीटखालच्या छुप्या स्विचवर. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून कोणीतरी पंपाची वायर कापून मध्ये साधा छोटा स्विच बसवला होता, वायरींना नुसता पीळ देऊन वर टेप. टेपचा गोंद वितळून धूळ बसलेली, आतली तांब्याची तार काळी.

दुरुस्तीत बोल्टची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, नवं थिंबल क्रिंप केलं (दाबून बसवलं), दातेरी वॉशर घातला, घट्ट कसलं आणि मग वरून ग्रीस लावलं. आधी रंग किंवा ग्रीस आणि नंतर बोल्ट, हा क्रम चुकीचा. पंपासाठी अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थची वायर चासीच्या कोरड्या जागी नेली, म्हणजे मागच्या दिव्यांचा भार त्याच्यावर येणार नाही. फ्लोटचा अर्थही वेगळा काढला. बॅटरी ते बॉडी या पट्ट्यावरची घटही पाहून घेतली, ती नगण्य होती.

कपलरच्या बाबतीत मी आग्रही राहिलो. हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूची मादी टर्मिनल नवी टाकली तरी टाकीच्या झाकणावरची पिन तापून काळवंडलेली होती. खरखरीत पिनवर नवं टर्मिनल बसवलं तर ते पुन्हा तापतं. म्हणून झाकणाची प्लेट आणि कपलर दोन्ही बदलले. मालकांना खर्च जास्त वाटला, पण यात अर्धं काम करण्यात अर्थ नव्हता. टाकीच्या आतल्या वायरीला पेट्रोल सहन करणारं इन्सुलेशनच लागतं, साधी वायर आत टाकणं चुकीचं. बाहेरचे जोड क्रिंप करून गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. हादरे बसणाऱ्या जागी सोल्डर केलेली वायर जोडाच्या कडेलाच तुटते, म्हणून तिथे मी सोल्डर टाळतो.

छुपा स्विच पूर्ण काढावा असं माझं मत होतं, मालकांना तो हवाच होता. मग तो पंपाच्या वायरीतून काढून रिलेच्या कॉइलच्या वायरीत घेतला. कॉइलचा रोध ८० ओहमच्या आसपास, करंट ०.१५ अँपिअर. स्विच तोच, पण त्याच्यावरचा भार तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. पंपाची मूळ वायर मधल्या काळ्या तारेचा भाग कापून नव्या तुकड्याने जोडली. काही गाड्यांमध्ये ईसीएम कॉइलच्या सर्किटवर लक्ष ठेवतो आणि स्विच बंद असताना दोषाचा कोड नोंदवतो, हे त्यांना सांगून ठेवलं. या गाडीत तसं झालं नाही.

गाडी पुन्हा पूर्ण तापवून, दिवे आणि ब्लोअर लावून तीच मोजणी केली. बॅटरीवर १३.६, सप्लायची घट ०.४, अर्थची ०.१, पंपाला १३.१ व्होल्ट. करंट ५.५ अँपिअर. रेलवर आयडलला २.५ बार, नळी काढून ३ बार, अ‍ॅक्सिलरेटर दिला की दाब वर. ब्रेक दाबला तर पेट्रोलचा काटा जागचा हलत नव्हता. त्याच चढावरून भरलेली गाडी रात्री नेऊन आणली, मीटर तेराच्या खाली आलं नाही.

कार्ब्युरेटरच्या व्हॅनमध्येही, जिथे बाहेरचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि आयडल बंद करणारा सोलेनॉइड असतो, किंवा जुन्या डिझेल व्हॅनच्या स्टॉप सोलेनॉइडलाही हीच मोजणी चालते. आकडे बदलतात, पद्धत तीच. आणि पंप जोडलेला ठेवून मोजणं शक्यच नसेल, तर कपलरमधून लांब वायरी काढून टाकीपासून दूर ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावावा. तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो, म्हणजे पंपाच्या जागी खरा भार मिळतो. बल्ब पिवळट, मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि नवा पंप घ्यायची घाई नको.

रिले बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर चार ओळी लिहून ठेवल्या: गरम इंजिनवर पंपाचं व्होल्टेज, दोन्ही बाजूंची घट, पंपाचा करंट आणि रेलचा दाब. खाली नव्या अर्थच्या वायरीचा मार्ग आणि छुप्या स्विचची बदललेली जागा. पुढे ही गाडी कोणाच्याही हातात गेली तरी त्याला तुलनेसाठी चांगल्या स्थितीतले आकडे हाताशी मिळतील.